तिवस्याहून बार्सिलोना: बेत आखताना शिकलेलं

आई, बायको, बारावी झालेली मुलगी आणि मी असे आम्ही बार्सिलोनाला जाऊन आलो, तेही कुठल्या टूरवाल्याच्या गटात न जाता. तेव्हापासून कुऱ्ह्याचे, वऱ्ह्याचे, मोझरीचे ओळखीचे लोक विचारत असतात: कागदं कशी केली, म्हातारीला कसं नेलं, तिकडे खाल्लं काय. शेतावर पोट असलेल्या घराला असा प्रवास जमतो, हे मला मनापासून सांगायचं आहे. म्हणून जे कामी आलं ते लिहून ठेवतो.

१. महिना शेत ठरवतं

कपाशीची वेचणी दिवाळीच्या मागेपुढे लागते आणि जानेवारीपर्यंत पुरते. संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडायचा, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. मोकळा राहतो तो मे, आणि तोही मृग लागेपर्यंत. सुदैवाने बार्सिलोनासाठी मे चांगलाच आहे. आपल्याकडे पारा ४४-४५ वर असतो तेव्हा तिथे दुपारी २१-२२ अंश असतात, अंधार पडायला रात्रीचे नऊ वाजून जातात आणि जुलै-ऑगस्टची गर्दी अजून आलेली नसते.

खरा हिशेब मागे मोजायचा असतो. स्पेनचा व्हिसा म्हणजे शेंगेन व्हिसा. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. मे महिन्यातून सहा महिने वजा केले की नोव्हेंबर, म्हणजे ऐन वेचणीची घाई. आमच्या घरी कागदांचं सगळं काम बायकोने अंगावर घेतलं. मी त्यात लुडबूड केली नाही. तूर घरात आली आणि आम्ही अर्ज दिला.

२. आईच्या पासपोर्टला वर्षभर आधी हात घाला

आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांची नावं हे वेगळंच प्रकरण आहे. आधारवर एक, बँकेच्या पासबुकावर दुसरं, मतदान कार्डावर माहेरचंच. आधी सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग, एकच जन्मतारीख करून घ्यायची, मग अर्ज. अमरावतीला पोस्टातच पासपोर्ट केंद्र आहे, त्यामुळे नागपूरची फेरी वाचते. पोलिस पडताळणी तिवस्याच्या ठाण्यातून होते. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत.

३. कापूस विकला त्याचा कागद जपा

हा मुद्दा नोकरदारांना लागत नाही, शेतकऱ्याला सगळ्यात जास्त लागतो. व्हिसा देणाऱ्याला एवढंच बघायचं असतं की माणसाकडे खर्चापुरते पैसे आहेत आणि त्याला परत यायचं कारण आहे. नोकरदार पगाराची स्लिप आणि रजेचं पत्र जोडतो. आपण काय जोडायचं?

सातबारा आणि आठ-अ जोडायचा. परत येण्याचं त्याहून भक्कम कारण दुसरं नाही, जमीन उचलून कोणी पळून जात नाही. त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्यायचं. बाजार समितीच्या पावत्या आणि आडत्याच्या हिशेबपट्ट्या वर्षवार लावायच्या. शेतीचं उत्पन्न आयकरातून सुटतं म्हणून आपल्याकडे विवरणपत्र भरायची सवयच नसते. पण उत्पन्न दाखवून ते दरवर्षी भरत गेलं तर गेल्या तीन वर्षांची विवरणपत्रं हा सगळ्यात सोपा पुरावा होतो. विक्रीचे पैसे रोखीत न घेता खात्यात घ्या. अर्जाच्या तोंडावर कुणाकडून उसने आणून खातं फुगवलं तर ते उताऱ्यात लगेच दिसतं. खातं हंगामाप्रमाणे भरतं आणि रिकामं होतं, हे एका साध्या पत्रात समजावून सांगावं. आम्ही तसं लिहिलं होतं, एका पानात, कुठे काय पिकतं आणि पैसा केव्हा येतो ते.

बाकीचं थोडक्यात: प्रवास विमा किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा. जून २०२४ पासून मोठ्यांची व्हिसा फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांची ४५, त्याहून लहानांना फी नाही. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. विमानाचं आरक्षण दाखवायचं, पण पूर्ण पैसे अडकवायचे ते व्हिसा हातात आल्यावर. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आम्ही बडनेऱ्याहून रात्रीची गाडी धरून मुंबईला गेलो. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमानही सुरू झालं आहे, त्याचे वार जुळत असतील तर म्हाताऱ्या माणसाला ते बरं.

४. शहर आपल्या कामाच्या बाजूने बघा

काय बघायचं याची यादी करायला बसलो तर सगळीकडे त्याच दहा जागा. मी मुलीला म्हटलं, आपण कापूसवाले लोक, त्या गावाचा कापसाशी काही संबंध आहे का ते शोध. तिने जे काढलं त्यावरून पुढचा सगळा बेत ठरला.

अठराव्या शतकात बार्सिलोनात भारतीय छापील सुती कापडाची नक्कल करणारे कारखाने निघाले. तिथून सुरुवात. १८३३ च्या सुमारास वाफेवर चालणारी स्पेनमधली पहिली गिरणी तिथे उभी राहिली आणि १८३५ च्या दंगलीत ती जाळली गेली. पुढे समुद्राकाठच्या पोब्लेनोऊ भागात इतक्या गिरण्या आल्या, की लोक त्याला कॅटालोनियाचं मँचेस्टर म्हणू लागले. त्यांना कापूस मुख्यतः अमेरिकेचा लागे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, बंदरं अडली, आणि तिथे कापसाचा दुष्काळ पडून गिरण्या थंडावल्या, मजुरांच्या चुली विझल्या. त्याच वर्षांत आपल्या वऱ्हाडात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. ज्वारीच्या रानात कपाशी शिरली, रेल्वे आली, १८७० मध्ये खामगावला कापसासाठी खास फाटा निघाला. युद्ध संपल्यावर भाव उतरला तोही इथेच. एका युद्धाने तिकडचा मजूर आणि इकडचा शेतकरी दोघंही हलले होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. हे वाचल्यावर बार्सिलोना मला परकं वाटेना.

म्हणून आम्ही एक पूर्ण दिवस कोलोनिया ग्वेलला दिला. प्लासा एस्पान्याहून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत हे गाव येतं. एउसेबी ग्वेल हा कापड गिरणीवाला. त्याने १८९० मध्ये शहराबाहेर गिरणी आणि तिच्याभोवती मजुरांचं गाव वसवलं. मखमल आणि कॉर्डुरॉय तिथे विणलं जाई. घरं, शाळा, मास्तरांचं घर, सगळं विटांचं, आजही राहतं गाव आहे. गिरणी १९७३ मध्ये बंद पडली. गावच्या चर्चचं काम ग्वेलने आन्तोनी गौदीला दिलं. १९०८ मध्ये बांधकाम लागलं, १९१४ मध्ये थांबलं. झालं ते फक्त तळघर, आणि २००५ मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली. बांधकाम लागण्याआधी दहा वर्षं गौदी छताला दोऱ्या टांगून, त्यांना छऱ्यांच्या पिशव्या बांधून कमानी कशा पडतील ते बघत होता. टांगलेल्या दोरीचा झोळ उलटा केला की कमान उभी राहते.

त्या तळघराच्या खिडक्यांना ज्या जाळ्या आहेत, त्या गिरणीतल्या जुन्या मागांच्या सुयांपासून केलेल्या आहेत. मुलीने हे सांगितल्यावर आई खिडकीपाशी गेली आणि बराच वेळ बघत राहिली. तिने सारा जन्म वेचणी केली आहे, बोंडाच्या टोकांनी फाटलेली बोटं मी लहानपणापासून पाहतो. तिने एवढंच विचारलं, "इथं बायाही कामाले व्हत्या का?" होत्या. बायाही होत्या, पोरंही होती. मग ती म्हणाली, "मंग थांब थोडं, घाई नोको करू." त्या दिवशी आम्ही दुसरं काही पाहिलं नाही.

५. साग्रादा फामिलियाला वेळ निवडून जा

तिकीट ऑनलाइनच मिळतं आणि त्यावर वेळ छापलेली असते, म्हणून तारीख पक्की झाली की पहिलं हेच काढा. या चर्चचं काम १८८२ मध्ये सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते गौदीच्या हाती आलं, १९२६ मध्ये ट्रामची धडक बसून तो गेला. समाधी तिथेच खाली आहे. मधल्या मनोऱ्याची उंची त्याने १७२.५ मीटर योजली, शहरातल्या मुंजुइक टेकडीपेक्षा किंचित कमी, कारण माणसाचं काम देवाच्या कामाहून उंच जाऊ नये असं त्याचं म्हणणं होतं. सकाळी पूर्वेच्या काचांतून निळा-हिरवा उजेड येतो, दुपार कलली की पश्चिमेच्या काचांतून केशरी-तांबडा. आम्ही दुपारनंतरची वेळ घेतली. मनोऱ्यावर चढायचं तिकीट काढलं नाही. वर जायला लिफ्ट आहे, पण उतरताना अरुंद जिना उतरावा लागतो आणि आईचे गुडघे तिला परवानगी देत नाहीत.

६. जेवणाची तयारी नागपूरच्या विमानतळावर नाही, घरी करा

आई मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात प्रार्थनेला जाणारी, अंडंही न चालणारी. युरोपात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून तूप, खवा, पेढे घरीच ठेवले. चिवडा, तिखट, कोरडी चटणी, भाजलेलं पीठ नेलं. स्वयंपाकाची सोय असलेलं हॉटेल घेतलं. तांदूळ, डाळ, मसाले राव्हाल भागातल्या दुकानांत मिळतात. तिथे हिंदी-पंजाबी सहज बोलली जाते.

पण तिकडचं काहीच खाल्लं नाही असं करू नका. एस्कालिवाडा मागवा: निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, ढोबळी मिरची, कांदा, वर ऑलिव्हचं तेल. आई पहिला घास घेऊन म्हणाली, "हे तं आपलं भरीतच हाय, फक्त मिर्ची कमी." मागवताना एक सांगून ठेवावं लागतं की वर मासळी नको, कारण बऱ्याच ठिकाणी खारवलेली अँचोव्ही ठेवतात. टोमॅटो चोळलेला पाव सगळीकडे मिळतो. दुपारचं जेवण दीड-दोनला, रात्रीचं नऊला. त्याआधी स्वयंपाकघरं बंद असतात, तेव्हा मधल्या वेळेसाठी पिशवीत काहीतरी हवंच.

७. त्या गावात लोक राहतात

जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या रहिवाशांनी मोर्चा काढला आणि काहींनी रेस्टॉरंटांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. बातमी वाचून बायको म्हणाली, जायचं की नाही? आम्ही कारण वाचलं. घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने जातात, भाडी चढतात, गावचा माणूस गावाबाहेर फेकला जातो. पालिकेने नोव्हेंबर २०२८ पर्यंत अशा १०,१०१ घरांचे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे. गौदीच्याच पार्क ग्वेलकडे जाणाऱ्या ११६ क्रमांकाच्या छोट्या बसमध्ये म्हाताऱ्या रहिवाशांनाच जागा मिळेना, म्हणून ती बस गूगलच्या नकाशावरून काढून घ्यायला लावली.

आपल्याकडे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत माणसं लोटतात, पण ती काही दिवसांत परततात. तिथे ही गर्दी बारा महिने असते. हे कळल्यावर आम्ही राहतं घर भाड्याने घेतलं नाही, हॉटेलच घेतलं, तेही जुन्या भागाबाहेर. पार्क ग्वेलला दुसऱ्या बसने गेलो. जिन्यात, बसमध्ये आवाज खाली ठेवला. ज्याच्या दारात जातो त्याची अडचण आधी वाचून जाणं ही मी प्रवासाच्या तयारीतलीच गोष्ट समजतो.

८. किरकोळ, पण उपयोगाचं

म्हाताऱ्या माणसाबरोबर मेट्रोपेक्षा बस बरी. सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत आणि शहरही दिसतं. दहा फेऱ्यांचं टी-कासुआल कार्ड एकालाच चालतं, चौघांत फिरवता येत नाही. कुटुंबासाठी आठ फेऱ्यांचं टी-फामिलियार. कार्डाने पैसे देताना यंत्र रुपयात की युरोत विचारतं, युरोच निवडा. ला रांब्लावर आणि मेट्रोत खिसेकापू आहेत, पासपोर्ट अंगाशी बांधा. रविवारी बहुतेक दुकानं बंद.

९. बाजार बघायला विसरू नका

ला बोकेरियाच्या बाजारात फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी फार. सान्त आन्तोनीच्या बाजारात, १८८२ च्या लोखंडी छपराखाली, आसपासची माणसं पिशव्या घेऊन येतात. तिथे मी फळांसमोर उभा राहिलो तो हललोच नाही. प्रत्येक फळापुढे पाटी: भाव किती, माल कुठला, जात कोणती, प्रत कितवी. युरोपात हे लिहिणं बंधनकारक आहे. गिऱ्हाईक ते वाचून घेत होतं.

आमचं संत्रं बागेतून तोडीवर जातं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण पेटी व्यापाऱ्याची, नाव व्यापाऱ्याचं, माल कुठल्या शिवारातला ते खाणाऱ्याला कधी कळत नाही. परत आल्यावर मी आणि शेजारचे दोन बागाईतदार बसून बोललो. येत्या मृग बहाराच्या काही पेट्या आम्ही स्वतः भरणार आहोत. पाटीवर जात, प्रत, तोडल्याची तारीख आणि खाली मोठ्या अक्षरात "तिवसा, जि. अमरावती". मुलीने नमुना काढून दिला आहे, छापखान्याचा भाव घ्यायचा बाकी आहे.