नाव देणारा बाप



मागे एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर एक जोडपे आम्हाला भेटायला थांबले. नवऱ्याचे वय बावन्न, बायकोचे सत्तेचाळीस. घरी मूलबाळ नाही. एखादे लेकरू दत्तक घ्यावे असे दोघांच्याही मनात बरीच वर्षे होते, पण बोलण्याचा धीर होत नव्हता. शेवटी तेच म्हणाले, "फादर, या वयात आता लेकरू सांभायता इन काय जी? लोकं काय म्हनतीन? अन् रगत कोनाचं, काय मालूम?"

त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहोत. त्यांनी तीन प्रश्न विचारले: वयाचा, लोकांचा आणि रक्ताचा. हे प्रश्न एकट्या त्यांचे नाहीत, म्हणून या रविवारचा पाठ आपण त्यांवरच घेऊ.

१. रक्ताचा प्रश्न

मत्तयचे शुभवर्तमान येशूच्या वंशावळीने सुरू होते. अब्राहामापासून दाविदापर्यंत आणि दाविदापासून योसेफापर्यंत नावे येतात. मात्र योसेफापाशी येऊन मत्तय थांबतो. योसेफापासून येशू झाला असे तो म्हणत नाही, तर ज्या मरियेपासून येशू जन्मला तिचा पती योसेफ, असे म्हणतो. मग येशू दाविदाच्या वंशातला कसा ठरला? त्याच अध्यायाच्या २१व्या व २५व्या ओवीत उत्तर आहे. बाळाचे नाव ठेवण्याची आज्ञा दूताने योसेफाला दिली आणि योसेफाने ते नाव ठेवले. यहुदी रीतीप्रमाणे नाव ठेवणे म्हणजे हे मूल माझे आहे असे जाहीर करणे होय. तारणाच्या इतिहासातील एवढी मोठी गोष्ट देवाने रक्ताच्या धाग्यावर नव्हे, तर एका सुताराने दिलेल्या नावावर उभी केली.

पुढे मंदिरात हरवलेला येशू सापडतो तेव्हा पवित्र मरिया योसेफाचा उल्लेख 'तुझे वडील' असाच करते (लूक २:४८). नासरेथचे लोकही त्याला सुताराचा मुलगा म्हणूनच ओळखतात (मत्तय १३:५५). योसेफ 'खरा' बाप की 'मानलेला' बाप, अशी चर्चा त्या घरात झालेली दिसत नाही.

संत पौल तर याच्याही पुढे जातो. आपले आणि देवाचे नाते सांगताना तो दत्तकाचाच शब्द वापरतो (रोम ८:१५, गलती ४:५, इफिस १:५). त्याच्या वाचकांना तो शब्द चांगला समजत होता. रोमी कायद्यात दत्तक पुत्राला बापाचे नाव आणि वारसा दोन्ही मिळत. लूकच्या शुभवर्तमानात ज्या दोन सम्राटांची नावे आली आहेत, ते औगुस्त आणि तिबिर्य, दोघेही दत्तक पुत्र होते. आपण स्नानसंस्काराने देवाची लेकरे झालो, म्हणजे देवाच्या घरात दत्तक गेलो. दत्तक मूल दुय्यम, असे म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आधी स्वतःचा दर्जा तपासावा.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. संत्र्याचे कलम जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून करतात. खुंट पाणी देतो, आधार देतो, पण फळ लागते ते संत्र्याचेच. दत्तक घेणाऱ्या बापानेही एवढे ध्यानात ठेवावे. लेकराला मूळ आपण द्यायचे, पण त्याचा स्वभाव, त्याचे गुण त्याचेच राहतील. ते आपली नक्कल व्हावे असा हट्ट धरू नये.

२. लोकांचा प्रश्न

आपल्या शेजारच्या अचलपूर तालुक्यात, परतवाड्याजवळ वझ्झर येथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचे बालगृह आहे. तिथले शंकरबाबा पापळकर आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असतील. ते ख्रिस्ती नाहीत, गाडगेबाबांच्या वाटेने जाणारे आहेत. कोणी टाकून दिलेली, मतिमंद, मूकबधिर, अंध अशी १२३ मुले त्यांनी आपली मानली आणि त्यांना स्वतःचे आडनाव दिले. कागदावर वडिलांच्या नावाच्या रकान्यात शंकरबाबांचेच नाव असते. जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली एक अंध मुलगी याच घरात माला पापळकर म्हणून वाढली आणि २०२४ साली लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेली होती.

अठरा वर्षे पूर्ण झाली की मुलांनी बालगृह सोडावे असा नियम आहे. अपंग आणि बेवारस लेकराने अठराव्या वर्षी कुठे जावे, हा प्रश्न शंकरबाबा सरकारला सतत विचारत आले. बापाचे घर अठराव्या वर्षी बंद होत नसते, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

लोक काय म्हणतील, याचे उत्तर वझ्झरमध्ये मिळते. लोक सुरुवातीला काही म्हणतात. पुढे लेकराच्या नावामागे बापाचे नाव इतके घट्ट बसते की बोलणाऱ्यालाही दुसरे काही आठवत नाही.

पण लोक म्हणजे आपणच ना? 'याचे खरे आईबाप कोण?' हा प्रश्न चर्चच्या आवारात कोणी विचारू नये. चर्चचा कायदाही स्पष्ट आहे. देशाच्या कायद्याप्रमाणे दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले मानली जातात (कलम ११०). स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावे लिहिली जातात (कलम ८७७). आमच्या वहीत जे लिहिले जाते, ते तुमच्या तोंडीही असावे.

३. वयाचा प्रश्न

हा प्रश्न मात्र खरा आहे, तो टाळून चालणार नाही. आधी कायदा पाहू. पूर्वी ख्रिस्ती जोडप्याला १८९०च्या कायद्याने केवळ पालक होता येत असे. मूल सज्ञान झाले की ते नाते कायद्यापुरते संपे. बाल न्याय कायद्याने ही वाट मोकळी केली आणि कोणत्याही धर्माच्या माणसाला या कायद्याखाली दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले. २०२२च्या नियमांप्रमाणे पतीपत्नीच्या वयांची बेरीज पाहतात. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ती ८५ पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० पर्यंत, चार ते आठसाठी १०० पर्यंत आणि आठ ते अठरासाठी ११० पर्यंत चालते. मूल आणि पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर लागते.

आमच्या भेटीला आलेल्या जोडप्याची बेरीज ९९ होते. म्हणजे तान्हे बाळ नाही, पण पाच-सात वर्षांचे लेकरू त्यांच्या घरी येऊ शकते. आम्हाला यात शहाणपण दिसते. मोठ्या मुलांना घर मिळणे कठीण जाते आणि उशिरा बाप होणाऱ्याजवळ तरुणाची धावपळ नसली तरी धीर असतो. पाच-सात वर्षांच्या लेकराला तोच जास्त लागतो. ते रात्री दचकून उठेल, 'बाबा' म्हणायला कदाचित वर्ष लावेल. घाई करू नका.

नियम असे असले तरी दोन गोष्टी विसरू नका. पहिली, दवाखान्यातून किंवा ओळखीच्या बाईमार्फत परस्पर मूल आणू नये. तो गुन्हा आहे आणि त्यात लेकराचेच नुकसान होते. नोंदणी सरकारच्या पोर्टलवर होते, माहितीसाठी अमरावतीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. दुसरी, आपल्या माघारी लेकराचे कोण, हे आजच ठरवावे. धर्मपिता व धर्ममाता निवडताना वयाने लहान, जवळचे आणि जबाबदारी घेणारे जोडपे पाहावे. घराची, शेताची कागदपत्रे लेकराच्या नावाने नीट करून ठेवावीत. हा देवावरचा अविश्वास नव्हे. योसेफानेही स्वप्नावर विश्वास ठेवला आणि त्याच रात्री उठून मिसरची वाट धरली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक गोष्ट शिकवली होती. देवाने जग एकदा निर्माण करून सोडून दिले नाही, तो ते क्षणोक्षणी धरून ठेवतो. बापपणाही तसाच आहे. जन्म देणे एका दिवसाचे, धरून ठेवणे रोजचे. सकाळी डबा देणे, शाळेच्या फाटकाशी उभे राहणे, तापात उशाशी बसणे, संध्याकाळी लेकराला जवळ घेऊन माळेची प्रार्थना करणे, चुकले तर रागावणे आणि झोपण्याआधी तो राग संपवणे: ख्रिस्ती श्रद्धा घरात दिसते ती अशी. पोप फ्रान्सिस यांनी २०२० साली संत योसेफावर पत्र लिहिले. त्याचाही भाव असाच आहे की, मूल जन्माला घातल्याने कोणी बाप होत नाही, त्याची जबाबदारी उचलल्याने होतो.

ते जोडपे अजून विचार करीत आहे. त्यांनी मूल घ्यावेच असे आम्ही म्हटले नाही. ही हाक आहे, सक्ती नव्हे. पण लोकांच्या भीतीने त्यांनी मागे फिरू नये, एवढी जबाबदारी आपल्या सर्वांची आहे. एक लेकरू कुठेतरी वाट पाहत असेल आणि त्याच्या व घराच्या मध्ये आपली जीभ आडवी येत असेल, तर त्याचा हिशोब आपल्याला द्यावा लागेल.

या आठवड्यात घरी बोलण्यासाठी

१. आपण देवाची दत्तक लेकरे आहोत, हे आपल्या वागण्यात कुठे दिसते?

२. आपल्या नात्यात किंवा शेजारी बापाविना वाढणारे लेकरू आहे का? त्याच्यासाठी आपण काय करतो?

३. दत्तक मुलाविषयी बोलताना आपण कोणते शब्द टाळायला हवेत?

शेवटी संत योसेफाजवळ एवढेच मागू या, की ज्याला उशिरा बाप व्हायचे आहे त्याला बळ मिळो आणि ज्या लेकराला नाव नाही त्याला नाव देणारा मिळो. आमेन.

आपले,
पालक धर्मगुरू