शब्दबोध : 'ट्रॅडिशन'

इंग्रजी 'ट्रॅडिशन' हा शब्द 'हाती सोपविणे' या अर्थाच्या लॅटिन 'त्रादेरे' या क्रियापदापासून आला. आपल्या 'परंपरा' या शब्दात एकामागून एक येणारा क्रम आहे. देण्याचा भाव आहे तो 'संप्रदाय' या शब्दात.

विश्वासघातकी या अर्थाचा 'ट्रेटर' हा शब्दही 'त्रादेरे'पासूनच निघाला. इ. स. ३०३ मध्ये सुरू झालेल्या छळात ज्यांनी शास्त्राच्या प्रती अधिकाऱ्यांच्या हवाली केल्या, त्यांना 'त्रादितोर' म्हणत.

१ करिंथ ११:२३ पाहा. पौलाने प्रभुभोजनाची शिकवण मंडळीला सोपविली, आणि प्रभूला त्या रात्री शत्रूंच्या हाती सोपविण्यात आले. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच, 'पारादिदोमी'. सोपविणे तेच, कोणाच्या हाती व कशासाठी, यावर निष्ठा की घात हे ठरते. वडिलांकडून मिळालेला ठेवा आपण कसा सोपवितो, हे प्रत्येकाने तपासावे.