लेकरांची शी व घरचे पाणी

बिरसी व भोवतालच्या धानाच्या मुलखातील उपदेशकांनी प्रथम अनुवादाच्या २३ व्या अध्यायातील १२ व १३ ही वचने मंडळीस वाचून दाखवावी. छावणीबाहेर जाऊन खड्डा खणावा व मळ झाकावा, अशी तेथे आज्ञा आहे. ती सर्व छावणीला आहे, एकट्यादुकट्या तंबूला नव्हे.

तान्ह्या मुलाची शी निरुपद्रवी, असा कित्येक मातांचा समज आहे. तो खोटा होय. अंगणात वा बोडीच्या काठी टाकिलेली शी माशांच्या व कोंबड्यांच्या पायांनी घरात परत येते, आणि रांगते मूल तीच माती तोंडात घालते. हगवण लागली तर आपण धावपळ करितो. परंतु हगवण नसताही आतड्यातील बारीक अंकुर झिजतात व अन्न अंगी लागत नाही. मूल वाढेना की, दृष्ट लागली म्हणून उतारा काढितात!

बांगलादेश व केनिया येथील मोठ्या चाचण्यांचे निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाणीशुद्धी, संडास व हात धुणे यांनी बांगलादेशात हगवण घटली, पण मुलांची उंची कोठेच वाढली नाही. ह्यास्तव घरची स्वच्छता व्यर्थ असे कोणी समजू नये. वस्तीभर घाण असता एका घराने भागत नाही, असे आम्हांस वाटते.

हातपंपाचे निर्मळ पाणीही गुंडात हात बुडविल्याने बिघडते. दांड्याचे ओगराळे वापरावे. शी संडासात टाकून साबणाने हात धुवावे. हगवणीत एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून वारंवार पाजावे, आणि अंगावरचे दूध तोडू नये.

उपदेशकांनी रविवारी विचारावे: आपल्या वस्तीत लेकरांची शी कोठे टाकितात?