पामेरियन गेला, पग आला, पगही गेला... आता तुमचे पैसे कुठे लावणार?



मागच्या व्हिडिओत आपण "ट्रेंडचा धंदा आणि गरजेचा धंदा" हा विषय घेतला. वेळ कमी पडला, म्हणून त्यातलं कुत्र्यांचं उदाहरण इथे सविस्तर लिहितोय. वसई-विरार पट्ट्यात घरच्या घरी पिल्लांची पैदास करून विकायचा विचार अनेक तरुण करतात. "दोन माद्या घेऊ, वर्षभरात पैसे वसूल," असा हिशेब असतो आणि त्यासाठी घरातलं सोनं तारण ठेवायची तयारीही असते. सोनं बँकेत न्यायच्या आधी दहा मिनिटं काढून हे वाचा.

एकेकाळचा राजा

1980 आणि 90 च्या दशकात फ्लॅटमध्ये किंवा चाळीत कुत्रा पाळायचा म्हटलं की पहिलं नाव यायचं पामेरियनचं. पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा, टोकदार कानांचा. खरं तर आपण ज्याला पामेरियन म्हणायचो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथे तयार झालेली ही जात. खाणं कमी, जागा कमी, आणि आपल्या हवेला पिढ्यान्‌पिढ्या सरावलेली. त्या काळात परदेशी कुत्री आणणं सोपं नव्हतं, त्यामुळे स्पर्धाही कमी.

त्यात 1994 साली "हम आपके हैं कौन" आला आणि त्यातला टफी घराघरांत पोचला. तोही स्पिट्झच. फुकटात याहून मोठी जाहिरात कोणाला मिळणार?

आज वसईच्या एव्हरशाइन सिटीत किंवा विरारच्या ग्लोबल सिटीत संध्याकाळी फेरी मारा. लॅब्राडोर दिसेल, शिह त्झू दिसेल, एखादा हस्कीही दिसेल. पामेरियन शोधावा लागेल. कुत्रा तोच आहे, गुण तेच आहेत. मग मागणी का गेली?

मागणी जाण्याची चार कारणं

एक, सगळेच विकायला लागले. ज्याच्याकडे मादी होती तो पिल्लं विकू लागला. माल वाढला, भाव पडला. शेवटी शेजारी फुकट देऊ लागले. फुकट मिळणाऱ्या वस्तूला मान राहत नाही, हा बाजाराचा कडू नियम आहे.

दोन, पर्याय आले. 1991 नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, लोकांच्या हातात पैसा आला आणि परदेशी जाती मिळू लागल्या. ज्याला "वेगळं काहीतरी" हवं होतं तो पामेरियनवरून उठला.

तीन, जाहिरातीने दुसरा हिरो दिला. 2003 मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे चालणारा पग आला आणि पगची मागणी एकदम उसळली. जी लाट टफीने आणली होती तीच आता दुसऱ्याच्या दारात गेली.

चार, नाव खराब झालं. "फार भुंकतो, चावरा असतो" ही तक्रार सोसायट्यांत रुळली. ती सगळ्याच कुत्र्यांबाबत खरी नव्हती. पण पैसे देणारं गिऱ्हाईक मत बनवताना तुमची बाजू ऐकायला थांबत नाही.

आता पगचं बघा. चपट्या नाकामुळे त्याला धापा टाकून अंग थंड ठेवणं जड जातं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात तो अक्षरशः धडपडतो. डॉक्टरांची बिलं सुरू झाली की मालक वैतागतो, आणि वैतागलेला मालक दहा जणांना सांगतो. जाहिरातीचा जोर ओसरला तसा पगही मागे पडला. दाट केसांच्या हस्कीची गोष्ट वेगळी नाही.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. कुत्रा हिरो असलेल्या चित्रपटांचा अमेरिकेतल्या जातींच्या मागणीवर काय परिणाम झाला, याचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. चित्रपटानंतर मागणी वाढते आणि परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, असं त्यात दिसलं. पण लाट टिकली तरी ती कायमची नसते. तिथे सलग 31 वर्षं पहिल्या क्रमांकावर असलेल्या लॅब्राडोरलाही 2022 च्या नोंदणीत फ्रेंच बुलडॉगने मागे टाकलं.

खरी मेख: वीस महिने

आता वही घ्या. समजा तुम्ही आज दोन महिन्यांची मादी आणली. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ती 18 महिन्यांची होईपर्यंत तिची पैदास करता येत नाही. म्हणजे 16 महिने थांबा. गाभण राहिल्यावर साधारण दोन महिने. पिल्लं आठ आठवड्यांची होण्याआधी विकता येत नाहीत, म्हणजे आणखी दोन महिने. एकूण 20 महिने.

आकडे फक्त समजण्यापुरते धरू. मादी 25 हजारांची. खाणं, लसी, औषधं मिळून महिना 4 हजार, म्हणजे 20 महिन्यांचे 80 हजार. एकूण खर्च 1 लाख 5 हजार. पाच पिल्लं 25 हजारांनी विकली तर 1 लाख 25 हजार. हाती उरले 20 हजार, तेही पिल्लांचा खर्च न धरता. आणि या 20 महिन्यांत ट्रेंड बदलला, भाव 8 हजारांवर आला, तर मिळणार 40 हजार. नुकसान 65 हजार. सोन्यावरचं व्याज वेगळंच.

कांद्याला भाव आला म्हणून सगळ्यांनी कांदा लावला की काढणीच्या वेळी काय होतं, हे आपल्याला माहीत आहे. इथेही तेच. फरक एकच, आणि तो मोठा आहे. न खपलेला कपडा सेलमध्ये काढता येतो. न खपलेलं पिल्लू सकाळी उठून दूध मागतं. त्याला रस्त्यावर सोडणं हा क्रूरपणा आहे आणि कायद्याने गुन्हाही. जिवंत माल आहे हे विसरून ज्यांनी हिशेब केला, त्यांचाच हिशेब कोलमडला.

शिवाय पैदाशीसाठी राज्याच्या पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कायद्याचा धक्काही बसू शकतो. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 जातींवर बंदी आणणारं पत्रक काढलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं, पण रॉटवायलरची पिल्लं घरात असलेल्या माणसाने तो महिना कसा काढला असेल?

"मग देशी जात घेऊ का?"

ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये मुधोळसारख्या देशी जातींचं कौतुक केलं आणि अनेकांच्या डोक्यात हाच विचार आला. जात उत्तमच आहे. पण मुधोळ किंवा आपल्याकडचा कारवानी हा धावणारा, शिकारी कुत्रा आहे. त्याला मोकळं रान हवं. नालासोपाऱ्यातल्या वन-रूम-किचनमध्ये त्याचे हाल आणि तुमचेही. कौतुक ऐकून धंदा सुरू करणं म्हणजे पुन्हा लाटेवरच बसणं.

मग धंदा कुठे आहे?

फॅशन दोन-चार वर्षं टिकते, पण कुत्रा दहा-बारा वर्षं जगतो. लाट गेल्यावरही त्याला आंघोळ लागते, नखं कापावी लागतात, फिरवावं लागतं. आणि गणपतीला सगळं घर कोकणात गेलं की त्याला सांभाळणार कोण? मे महिन्यातही हाच प्रश्न. जात कोणतीही असो, गरज तीच राहते.

घरी जाऊन आंघोळ आणि केस विंचरण्याची सेवा द्यायला स्कूटर, थोडं सामान आणि नीट घेतलेलं प्रशिक्षण लागतं. सांभाळण्याच्या सेवेला जागा, शेजाऱ्यांची संमती आणि जवळचा डॉक्टर लागतो. ती सुरू करण्याआधी महापालिकेत परवानगीचं विचारून घ्या. यात उसळी नाही, पण गिऱ्हाईक परत येतं. तुम्हाला हवंय ते तेच.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा कुत्र्यांचा नसेल तरी हे चार प्रश्न वहीत लिहा आणि प्रामाणिक उत्तरं द्या.

1. मागणी गरजेमुळे आहे की कोणीतरी टीव्हीवर, मोबाइलवर दाखवलं म्हणून?
2. आज पैसे टाकले तर पहिली विक्री किती महिन्यांनी होईल?
3. भाव एक-तृतीयांशावर आला तर मी हप्ता भरू शकेन का?
4. लाट ओसरल्यावर याच गिऱ्हाइकाला दुसरं काय लागेल?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर सापडलं तर कदाचित तोच तुमचा खरा धंदा असेल. आणि तिसऱ्याचं उत्तर "नाही" असेल, तर सोनं कपाटातच राहू द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशेब लिहीत राहा.