आर्त ऐकणारी क्वान इम



मदतनिधीच्या पुस्तिकेत करुणेवर लिहायचे ठरले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती सिंगापूरमधली वॉटर्लू स्ट्रीट. तिथले १८७० सालचे श्रीकृष्ण मंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. त्याच्या अगदी शेजारी १८८४ साली स्थापन झालेले क्वान इम देवीचे चिनी मंदिर आहे. तिच्यापुढे हात जोडून बाहेर पडलेली चिनी माणसे जाता जाता कृष्णालाही उदबत्ती लावतात. आपण मात्र बरेचदा कृष्णाचे दर्शन घेऊन थेट जेवायला जातो!

क्वान इम म्हणजे मँडरिनमधली ग्वानयिन. पूर्ण नाव ग्वानशियिन, म्हणजे जगाचे आवाज जाणणारी. नुसती दयाळू नव्हे, ऐकणारी. माझ्या मते या देवीच्या उपासनेचे सगळे मर्म या नावातच आहे.

गंमत म्हणजे ही देवी मूळची आपल्याकडची. आपल्याकडे तो बोधिसत्त्व अवलोकितेश्वर, पुरुषरूपात. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला, हातात कमळ घेतलेला पद्मपाणी तोच. औरंगाबाद लेण्यांमधल्या सातव्या लेण्यात तो मध्ये उभा आहे आणि दोन्ही बाजूंना चार चार संकटे कोरली आहेत : आग, शत्रूची तलवार, बेड्या, बुडते जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यूची राक्षसी. प्रत्येक ठिकाणी सापडलेला माणूस त्याला हाक मारतो आहे. जहाज पाहिले की कळते, हाका मारणाऱ्यांत दूरदेशी निघालेले व्यापारीही होते. आपल्यासारखेच म्हणा ना!

कुमारजीवाने इ.स. ४०६ मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले आणि हा हाक ऐकणारा तिथे घरोघरी पोचला. पुढे काही शतकांत चीनमध्ये त्याची आई झाली. यात नवल वाटायला नको, आपणही विठ्ठलाला विठाई म्हणतोच की. तिच्याबद्दल राजकन्या म्याओशानची कथा सांगतात. बापाने छळलेल्या या मुलीने त्याच्याच आजारात स्वतःचे डोळे आणि हात औषधासाठी दिले.

आता पूजेविषयी. बाहेर फुलवाल्यांकडे कमळाच्या कळ्या मिळतात. उदबत्त्या दोन्ही हातांत धरून कपाळापर्यंत न्यायच्या, मनातले सांगायचे आणि मोठ्या धूपपात्रात खोचायच्या. प्रश्न असेल तर गुडघ्यावर बसून बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या हलवतात. एक काडी खाली पडेपर्यंत हलवायचे, मग तिच्यावरच्या क्रमांकाचे उत्तर मिळते. मी कधी हलवल्या नाहीत.

मी पहिल्यांदा गेले ती बाबांचे डायलिसिस चालू असताना. नाशिकला आठवड्यातून तीन वेळा. मी रोज फोन करायचे आणि रोज सूचना द्यायचे : पाणी मोजून प्या, मीठ सोडा, डॉक्टरांना हे विचारा. एकदा बाबा म्हणाले, "अगं, तू बोलतेस फार. मला जरा सांगू दे ना." मी रागावले होते तेव्हा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत या देवळात गेले. एका चिनी आजींनी न विचारता माझ्या हातात तीन उदबत्त्या दिल्या आणि कशा धरायच्या ते दाखवले. भाषा एकमेकींची येत नव्हती.

ध्यानाबद्दल मी नंतर वाचले. शूरंगम सूत्रात ही देवता आपली साधना सांगते, ती कानाची आहे. आवाजामागे धावायचे नाही, ऐकणे आत वळवायचे. मी घरी करते ते अगदी साधे. वीस मिनिटे डोळे मिटून बसायचे. पंखा, लिफ्ट, शेजारचा टीव्ही, जे येईल ते येऊ द्यायचे. चांगले-वाईट ठरवायचे नाही, मनात उत्तर तयार करायचे नाही. हे शेवटचे फार अवघड जाते. संध्याकाळच्या फोनवर मग बाबा बोलायचे, डायलिसिसच्या खोलीतल्या थंडीबद्दल, शेजारच्या खाटेवरच्या मुलाबद्दल. पुढची दीड वर्षे, ते जाईपर्यंत, मी ऐकले.

या देवळाच्या दानपेटीतला पैसाही रुग्णांपर्यंत पोचतो. इथल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या एका डायलिसिस केंद्राला या मंदिराचेच नाव आहे. आपला निधी गोळा करताना मला त्याची आठवण होते.

कुणाला जायचे असेल तर देवीचे तीन मोठे दिवस चिनी पंचांगातल्या दुसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्याच्या एकोणिसाव्या तिथीला येतात. पुष्कळ भक्त तेव्हा शाकाहार पाळतात. गर्दी खूप असते. निवांतपणा हवा असेल तर साध्या दिवशी जा, आणि कृष्णाकडे जाताना एक कळी जास्त घ्या.