पायावरच्या निळ्या शिरा आणि सुईचा उपचार



या पानावर दर वेळी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाचट असे विषय असतात. यावेळचा विषय पायांचा आहे. आमच्या सौ.ने पायावरच्या बारीक शिरांवर सुईचा उपचार करून घेतला, ही बातमी गटात पसरली आहे. मागच्या महिला मेळाव्यात हुमणीवर बोलून मी खाली उतरलो, तर दोघी-तिघींनी बाजूला घेऊन विचारले, "साहेब, कोळ्याच्या जाळ्यागत ह्या निळ्या-तांबड्या रेघा खरंच जातात का?" मी शेतकी डिप्लोमाचा माणूस, डॉक्टर नव्हे. त्यावेळी डॉक्टरांकडून जे समजून घेतले तेवढेच येथे देतो.

पायात उतरलेले रक्त वर चढवायचे काम पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात, शिरा दाबल्या जातात व रक्त वर सरकते. ते माघारी येऊ नये म्हणून शिरांत जागोजाग झडपा असतात. विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह आठवा. तो गळायला लागला की मोटार बंद होताच पाइपातले पाणी विहिरीत उतरते. शिरेतली झडप ढिली पडली की रक्त तसेच खाली साचते, शीर ताणते आणि फुगते. घराण्यातली खोड, वय, बाळंतपणे, वजन आणि तासन् तास एका जागी उभे राहणे यांमुळे हा त्रास वाढतो. रात्रीच्या लाइटीला दारे धरणारा गडी आणि ओट्यापुढे उभी असणारी घरधनीण, दोघेही यात आले.

आता महत्त्वाचा फरक. कातडीतच दिसणाऱ्या, १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघा म्हणजे स्पायडर व्हेन्स. कधी थोडी जळजळ, ठणका सोडला तर त्यांनी जिवाला धोका नसतो. ३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड, दोरीसारख्या वर आलेल्या, वेड्यावाकड्या शिरा म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स. तो आजार आहे. त्यात संध्याकाळी पाय सुजतो, जड होतो, घोट्याच्या वर कातडी काळवंडते व पुढे न भरणारी जखम होते. जाड शिरांना कुणी 'उष्णता' म्हणून सोडून देऊ नये आणि बारीक रेघांना कुणी घाबरू नये. आपल्याकडे बरेचदा नेमके उलटे चालते.

सुईच्या उपचाराला स्क्लेरोथेरपी म्हणतात. त्याआधी डॉक्टर पाय तपासतात आणि गरज वाटल्यास डॉपलर सोनोग्राफी करून आतल्या शिरा पाहतात. मुख्य पाट फुटला असताना नुसत्या चाऱ्या बुजवून भागत नाही, तसेच हे. मग आडवे झोपवून अगदी बारीक सुईने पॉलिडोकॅनॉलसारखे औषध त्या शिरांत थोडे थोडे सोडतात. भूल लागत नाही, टोचल्यासारखे व क्षणभर चुरचुरते. औषधाने शिरेची आतली बाजू चिकटते, शीर बंद पडते आणि शरीर ती हळूहळू जिरवते. "मग रक्त कुठनं जाणार?" असे मीही विचारले होते. पायाचे सुमारे ९० टक्के रक्त खोल शिरांनीच जाते, त्यामुळे या बारीक चाऱ्या बंद केल्याने काही अडत नाही.

काम अर्ध्या-पाऊण तासाचे. लगेच चालायला सांगतात, अंथरूण धरायचे नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस घट्ट मोजे घालायचे, म्हणून ऐन उन्हाळा व लागणीची घाई टाळावी. रेघा एका दिवसात जात नाहीत. फिक्या व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात आणि अनेकदा पुन्हा बसावे लागते. आपल्या सावळ्या कातडीवर तपकिरी डाग पडू शकतो, तो बहुधा काही महिन्यांत जातो. क्वचित जखम, ॲलर्जी किंवा रक्ताची गाठ होते. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी थांबावे. बाळंतपणानंतर काही रेघा आपोआप कमी होतात. उपचार केल्यावरही नव्या शिरा येऊ शकतात, हे आधीच कबूल करून जावे.

सौ.ने भांगलायला जाताना साडी वर खोचणे बंद केले होते. काठ चिखलात भिजत असे. "या वयात शोभा कशाला?" असे भावकीत बोलले गेले. माझे मत विचाराल तर मिशीला कलप लावणाऱ्या आपण पुरुषांनी यावर हसू नये. ज्याची त्याची इच्छा आणि ऐपत. मात्र शोभेच्या उपचाराचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. किती वेळा बसावे लागेल व एकूण किती लागतील, हे आधी विचारूनच उसाचे बिल मोडावे. जळवा, तुंबडी, डागणे यांच्या वाटेला मात्र मुळीच जाऊ नये. रेघा तशाच राहतात, वर जखम होते.

एक पाय अचानक सुजला, दुखू लागला, लाल व गरम झाला तर आतल्या शिरेत गाठ असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर क्षणभरही थांबू नये. फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले तर माणसाला झोपवून पाय उंच करावा आणि स्वच्छ फडक्याने जागा दाबून धरावी. वर दोरी आवळून बांधू नये. रक्त थांबले तरी डॉक्टरांना दाखवावे.