आजारपणाचा खर्च आणि आपली जबाबदारी

दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकरहमधील 273 व्या आयतीत अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे स्वाभिमानामुळे कोणापुढे हात पसरत नाहीत. त्यांची परिस्थिती ठाऊक नसणारा माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. त्यांची गरज ओळखायची ती त्यांच्या चेहऱ्यावरून, कारण ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. आपल्या वस्तीत असे घर कोणते, हे शोधण्याची जबाबदारी या आयतीने आपल्यावर टाकली आहे. घरातील तरुण मूल अचानक गंभीर आजारी पडते, तेव्हा कालपर्यंत जकात देणारे कुटुंबही काही दिवसांत या वर्णनात बसू लागते.

2025 च्या आरंभी पुणे परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या आजाराचे अनेक रुग्ण आढळले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पोट बिघडण्याचे किंवा सर्दी-तापाचे निमित्त होते, मग पायांतील शक्ती जाते आणि काही रुग्णांना थोड्याच दिवसांत व्हेंटिलेटर लागतो. बहुतेक रुग्ण बरे होतात, परंतु त्यास आठवडे, कधी महिनेही लागतात. या आजारावरील इम्युनोग्लोब्युलिन हे औषध रुग्णाच्या वजनावर ठरते. दर किलोमागे एकूण 2 ग्रॅम, साधारणतः 5 दिवसांत विभागून. म्हणजे 50 किलो वजनाच्या मुलाला 100 ग्रॅम, अर्थात 5 ग्रॅमच्या 20 कुप्या. हे औषध अत्यंत महाग आहे. त्यात अतिदक्षता विभागाचा रोजचा आकार आणि घरी परतल्यावर दीर्घकाळ चालणारे फिजिओथेरपीचे उपचार मिळवा. दागिने विकले जातात, व्याजाने कर्ज काढले जाते आणि बापाची रोजची मजुरी बुडते ती वेगळीच.

अशा वेळी मागणे योग्य आहे काय?

सहीह मुस्लिममध्ये ह. कबीसा बिन मुखारिक (रजि.) यांची हदीस आहे. त्यांनी दुसऱ्यांचा तंटा मिटविण्यासाठी एका रकमेची जबाबदारी घेतली होती आणि त्यासाठी ते मदत मागावयास आले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सदक्याचा माल येईपर्यंत थांबण्यास सांगितले आणि मग मागण्याचा नियम समजाविला. तिघांनाच मागण्याची मुभा आहे : अशी जबाबदारी घेतलेला, आपत्तीने ज्याचे धन नष्ट झाले तो, आणि ज्याच्या उपासमारीची साक्ष त्याच्याच लोकांतील तीन समंजस माणसे देतील तो. ही मुभाही गरज भागेपर्यंतच आहे. आजाराने घर रिते होणे ही आपत्तीच आहे. म्हणून अशा पित्याने मदत स्वीकारण्यात कमीपणा मानू नये.

या हदीसमध्ये व्यवस्थेची दिशाही सापडते. मोहल्ल्यातील तीन विश्वासू माणसांनी रुग्णालयात जाऊन बिल पाहावे, गरज निश्चित करावी, जमा-खर्च लिहून ठेवावा आणि गरज पूर्ण होताच संकलन थांबवावे. रक्कम उरल्यास दात्यांना विचारूनच ती अन्यत्र वापरावी.

जकात देता येईल काय?

सूरह तौबाच्या 60 व्या आयतीत जकातीचे आठ अधिकारी सांगितले आहेत. त्यांत निर्धन, गरजवंत आणि कर्जबाजारी हे तिन्ही आहेत. राहते घर आहे म्हणून जकात चालणार नाही, असा एक समज आढळतो. हनफी मतानुसार राहते घर, अंगावरचे कपडे व नित्य वापराचे सामान निसाबात धरले जात नाही आणि कर्ज वजा केले जाते. त्यानंतर जवळ 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतके काही उरत नसेल, तर तो मनुष्य जकातीस पात्र ठरतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत वडिलांची परिस्थिती पाहिली जाते. जकातीचा माल पात्र व्यक्तीच्या मालकीत जाणे आवश्यक असल्याने रक्कम पालकाच्या हाती द्यावी, अथवा त्याच्या संमतीने त्याचे देणे फेडावे. शाफई बांधवांनी तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा.

काका, मामा, आत्या, भाऊ यांना जकात देता येते आणि नातेवाइकाला दिलेल्या दानात सदका व नाते जोडणे असे दुहेरी पुण्य असल्याचे हदीसमध्ये आले आहे. आपले आई-वडील व आपली मुले यांना मात्र जकात देता येत नाही, कारण त्यांचा खर्च हे आपले कर्तव्यच आहे. तसेच आजार रमजानची वाट पाहत नाही. ह. अब्बास (रजि.) यांना मुदतीपूर्वी जकात देण्याची अनुमती प्रेषितांनी (स.) दिली होती. रजब-शाबानमध्येही ती देता येते. शेजारचे कुटुंब मुस्लिमेतर असेल, तर ऐच्छिक सदक्याचे दार त्यांच्यासाठी पूर्ण खुले आहे.

देण्याची रीत

सूरह अल-बकरहच्या 263 व 264 व्या आयतींत उपकार बोलून दाखविण्याने व मन दुखविण्याने दान वाया जाते, असा इशारा आहे. आज नळ्या लावलेल्या मुलाचे छायाचित्र मोबाइलवरून शेकडो लोकांत फिरते. मुलगा बरा होऊन शाळेत परततो, तेव्हा वर्गमित्रांनी ते पाहिलेले असते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला हे किती लागते, याचा विचार आपण करतो काय? छायाचित्राऐवजी त्या तीन माणसांची साक्ष पुरे. जकात देताना ती जकात आहे हे सांगणे आवश्यक नाही, मनातील नियत पुरेशी आहे.

हक्काचे मार्ग

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात. उपचार योजनेत बसतो का, हे प्रथम त्यांना विचारावे. तसेच धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. रेशनकार्ड व तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवकाला भेटावे. आईबाप मुलाजवळून हलू शकत नाहीत, म्हणून ही धावपळ समाजातील शिकलेल्या तरुणांनी करावी. हीदेखील मोठी मदत आहे.

एवढ्यावर थांबू नये

ह. जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरी जेवण तयार करून पाठविण्यास सांगितले, कारण ते घर दुःखात बुडालेले होते. रुग्णालयातील घराला डबा, धाकट्या भावंडांचा अभ्यास आणि रात्री रुग्णाजवळ बसणारा माणूस हवा असतो. पहिल्या आठवड्यात गर्दी होते, तिसऱ्या महिन्यात फिजिओथेरपीची फी देताना बाप एकटा असतो. तेव्हा विचारपूस करणारा खरा शेजारी होय.

आणखी एक हदीस सहीह मुस्लिममध्येच आहे. एका माणसाला खरेदी केलेल्या फळांत तोटा होऊन तो कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला सदका देण्यास सांगितले. लोकांनी दिले, तरी कर्ज फिटले नाही. तेव्हा त्यांनी सावकारांना मिळाले तेवढे घेऊन समाधान मानण्यास सांगितले. आधी समाजाने द्यावे, मग धनकोने सोडावे, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याचे अशा घराकडे येणे असेल, त्याने मुदत द्यावी किंवा माफ करावे. सूरह अल-बकरहच्या 280 व्या आयतीचा हाच आदेश आहे.

अल्लाह सर्व आजारी मुलांना पूर्ण आरोग्य देवो, त्यांच्या आईबापांना धैर्य देवो आणि न मागणाऱ्याची गरज ओळखणारे डोळे आम्हांस देवो. आमीन.